चीज घालायची वेळ

बटाट्यांना आधी मार द्यावा लागतो. हे कुणी सांगत नाही. लोक फोडी करतात, तेल चोपडतात, भट्टीत ढकलतात आणि मग मऊ पडले म्हणून रडत बसतात. आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली एकोणीस वर्षं दर बुधवारी मी चीज-बटाटे करते, साडेतीनशे माणसांसाठी. बुधवारी कुणी रजा घेत नाही, असं मॅनेजर स्वतः म्हणतो. कृती इतकी सोपी की मॅनेजरलाही जमेल. बटाटे सोलायचे, मोठ्या फोडी करायच्या, खारट पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या. सुरीचं टोक कडेला सहज शिरलं पाहिजे आणि मध्ये अडलं पाहिजे. मग पाणी निथळायचं, वाफ जाऊ द्यायची, झाकण घट्ट धरायचं आणि पातेलं दोन्ही हातांनी उचलून असं गदागदा हलवायचं की आतल्या फोडी एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा फुटल्या पाहिजेत. त्या फुटक्या कडाच तेलात कुरकुरीत होतात.

या कामाला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं नाही. मला सगळे तोंडावर ‘ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘तोफ’. मला ते ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. राग माझ्या नाकावर असतो, हे खरंच आहे. शिळा पाव पाठवणाऱ्या बेकरीवाल्याला मी एकदा त्याच्याच पावानं मारलं होतं. पाव इतका वाळला होता की त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं.

त्या बुधवारी माझ्यासमोर स्टुलावर बसून धाकटी बटाटे सोलत होती. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. तिला मीच वाढवलं, मीच तिचं लग्न लावून दिलं आणि नवराही मीच पसंत केला. वेल्डर होता. हाताला कसब, दारूला शिवत नसे आणि बोलणं तर लोण्यासारखं मऊ. त्याचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. मारतानाही तो हळूच बोलायचा, असं धाकटी सांगायची. बुक्की घालायच्या आधी म्हणायचा, ‘बघ, तू मला हे करायला लावतेस.’

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. मी तिला चहा दिला, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच असं सांगितलं आणि स्वतः बस स्टॉपपर्यंत सोडून आले. दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन बरगड्या मोडल्या होत्या. तिच्यामागोमाग तोही आला, माझ्या स्वयंपाकघरात खाली बसला आणि माझे पाय धरून रडला. मी विरघळले. तिची बॅग मी माझ्या हातांनी भरली, कपड्यांच्या नीट घड्या घालून. मी तोफ खरी, पण त्या दोन्ही वेळी माझ्या तोंडून एक फटाकाही उडाला नाही, हे लिहिताना आजही माझी मलाच चीड येते.

तिसऱ्यांदा ती आली, ती त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी. डाव्या हाताची करंगळी उलटी झाली होती. जेवायला बसल्यावर त्यानं ती बोटात बोट घालून मागे वाकवली आणि कट्‌ आवाज येईपर्यंत सोडली नाही. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘पुढच्या वेळी मान.’

हाडांच्या डॉक्टरनं करंगळीला पट्टी बांधली तेव्हा मी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “मी जिवंत असेपर्यंत तो तुझ्यासमोर येणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

सोमवारी मी तिला कॅन्टीनमध्ये कामाला लावलं. कारखान्याला उंच भिंत आहे, फाटकावर वॉचमन आहे. घरी एकटी ठेवण्यापेक्षा हे बरं. वॉचमनला मी वेल्डरचं वर्णन करून सांगितलं, उंच, सावळा, भुवईवर भाजल्याचा डाग. तो म्हणाला, “ताई, चिंता सोडा. माशीसुद्धा आत येणार नाही.”

आमच्या स्वयंपाकघराला दोन दारं आहेत. एक मागच्या अंगणात उघडतं. त्याला मी कुलूप घातलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. दुसरं बोळाकडे उघडतं. बोळाच्या पलीकडे काउंटर आणि थंड खोली. या दाराचे कबजे कधीचे सैल झालेत. ते नीट बसत नाही, म्हणून कुणीतरी आतून एक लोखंडी खिटी ठोकून दिली आहे. ती वर केली की दार उघडतं. आता बोळातून येणाऱ्याचे दोन्ही हात कायम भरलेले, ट्रे तरी असतो नाहीतर टोपलं. तेव्हा येणारा दाराच्या खालच्या पत्र्यावर दोन लाथा मारतो आणि आत जो जवळ असेल तो कोपरानं खिटी उडवतो. कोण आहे, काय आहे, कुणी विचारत नाही. भरल्या हातांच्या माणसाला खोळंबून ठेवायचं नसतं. मला झोपेत दोन लाथा ऐकू आल्या तरी माझं कोपर वर जाईल, अशी सगळे चेष्टा करायचे.

“हे दारही लावून ठेवशील ना, ताई?” धाकटीनं सोमवारी विचारलं. मंगळवारी पुन्हा विचारलं. बुधवारी सकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी भडकले.

“लावलेलंच असतं! किती वेळा तेच तेच? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

ती पुन्हा बटाटे सोलायला लागली.

आमच्यासोबत तिसरी फक्त मावशी. भांडी घासते. साठी ओलांडलेली, कारखान्यामागे एका खोलीत एकटी राहते. तिच्या हळूपणाला सीमा नाही. ती थंड खोलीतून लोणी घेऊन येईपर्यंत लोणी वितळतं, असं मी तिला तोंडावर म्हणायचे. ती हसायची आणि तेवढ्याच हळू चालायची. मी दिवसातून दहा वेळा तिच्यावर डाफरायचे. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही.

साडेदहाला पहिलं पातेलं उकळून निथळलं. मी हलवायला हात घातला तर धाकटी उठून पुढे आली.

“मी हलवते.”

“अगं, करंगळी?”

“उरलेली नऊ आहेत की.”

तिनं झाकणावर फडकं टाकलं, पातेल्याचे कान पकडले आणि ते उचललं. आधी हळू हलवलं. मग जोरात. मग तिनं दात आवळले आणि असं काही हलवायला सुरुवात केली की आत बटाटे धाडधाड आपटायला लागले. तिचे केस सुटले, मान लाल झाली, पातेलं दोनदा टेबलावर आदळलं आणि तरी ती थांबेना.

“अगं, कुणाला मारतेयस?” मी विचारलं.

“बटाट्यांनाच,” ती धापा टाकत म्हणाली. “दुसऱ्या कुणाला मारणार मी?”

झाकण उघडलं तर अर्ध्या फोडींचा लगदा झालेला. मावशी भांडी सोडून बघायला आली आणि म्हणाली, “आता यांना लहान मुलांना भरवा.” आम्ही तिघी इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटीला हसताना मी कित्येक वर्षांनी पाहत होते.

अकराला ट्रे तयार झाले. रिकाम्या ट्रेमध्ये तेल ओतून ते भट्टीत धूर येईपर्यंत तापवायचं आणि मग फोडी त्यात सोडायच्या. गार तेलात सोडल्या तर तेल पितात. त्या चरचरतात, तेल उडतं, माझ्या दोन्ही हातांवर त्याचे एकोणीस वर्षांचे डाग आहेत. वर मीठ, मिरी, ठेचलेला लसूण. वीस मिनिटांनी उलटायच्या, आणखी वीस मिनिटं ठेवायच्या. मग चीज. चीज आधी घातलं तर करपतं, उशीर केला तर फोडी करपतात. वेळ हीच एक अवघड गोष्ट आहे. बाकी सगळं सोपं.

अकरा चाळीसला मी मावशीला थंड खोलीत पाठवलं, किसलेल्या चीजचं टोपलं आणायला. भट्टीत सहा ट्रे. कडा सोनेरी झाल्या होत्या. पाच मिनिटं गेली. सात गेली. मावशीचा पत्ता नाही.

“ही बाई चीज आणायला गेलीय की गाय शोधायला?” मी ओरडले. भट्टीचं दार उघडलं तर वरच्या ट्रेचा एक कोपरा तांबडा व्हायला लागलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन मी वरचा ट्रे अर्धा बाहेर ओढला आणि मागे दारावर दोन लाथा बसल्या.

“ये बाई एकदाची!” मी म्हणाले आणि न बघता कोपरानं खिटी उडवली.

दार उघडलं. मी ट्रेकडे बघत होते. पावलं आत आली. मग खिटी पुन्हा पडल्याचा आवाज आला. मावशी कधी खिटी लावत नाही. तिचे हात भरलेले असतात.

“ताई,” मऊ आवाज आला, “काय सुंदर वास सुटलाय.”

मी वळले. वेल्डर होता. घरचे स्वच्छ कपडे, भांग पाडलेला. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात हातोडी. वेल्डिंगवरची खपली उडवायला असते ती, लहान, एका बाजूनं टोकदार. त्यानं डबा टेबलावर ठेवला. मला ओलांडून तो पुढे गेला.

धाकटी स्टुलावरून उठली होती. ती किंचाळली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खिटीकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे. मी आयुष्यात पुष्कळ मार पाहिलाय, पण त्या नजरेनं मला जे लागलं तसं काही लागलं नाही.

त्यानं तिचे केस मुठीत धरले. “चल,” तो म्हणाला, “उगाच लोकांना त्रास.” तिनं टेबलाची कड पकडली. “सोड,” तो म्हणाला. तिनं सोडली नाही. त्यानं हातोडी उचलली आणि तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर घातली. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. तिचा हात सुटला तेव्हा दोन बोटं भलत्याच दिशेला गेली होती. “बघ,” तो म्हणाला, “तू मला हे करायला लावतेस.” आणि केसांना धरून त्यानं तिला उघड्या भट्टीकडे ओढलं. तिचा दंड भट्टीच्या दाराला चिकटला. मांस भाजल्याचा वास आला. तेव्हा कुठे ती ओरडली.

हे सगळं होईपर्यंत मी उभी होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चार श्वास असतील. माझे पाय हलत नव्हते. तिच्या ओरडण्यानं ते हलले.

माझ्या हातांत फडकी होती. मी अर्धा बाहेर आलेला ट्रे पूर्ण ओढला आणि त्याच्या मानेवर उलटा केला. उकळतं तेल आणि सहा किलो बटाटे. त्या माणसाचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यानं केस सोडले, दोन्ही हात मानेवर नेले, हातोडी खाली पडली. मी रिकामा ट्रे दोन्ही हातांत आडवा धरला आणि कडेनं त्याच्या तोंडावर मारला. जबडा निखळला. तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा मारलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तो तेलावर घसरून पडला, मी त्याच्या छातीवर पाय दिला आणि पुन्हा मारलं. बटाट्यांमध्ये दात पडलेले मला दिसले. मोजले नाहीत.

कधीतरी दारावर दोन लाथा बसल्या. मी ऐकल्या. माझं कोपर वर गेलं नाही. मी मारत होते.

बाहेरून मावशीनं हाक मारली. पुन्हा मारली. मग टोपलं आदळल्याचा आवाज आला आणि त्या साठी ओलांडलेल्या बाईनं दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी कबजे भिंतीतून उखडून दार आत पडलं आणि त्यावर मावशी. ती उठली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही पाहिलं नाही. ती सरळ भट्टीपाशी गेली, तिनं धाकटीला काखेत धरून उचललं, आपलं अंग तिच्या आणि आमच्या मध्ये घातलं आणि तिला बाहेर नेलं. तिचा दंड गार पाण्याच्या नळाखाली धरला. बोळातलं नळाचं पाणी मला ऐकू येत होतं. मी मारत होते.

“ताई, पुरे!” बाहेरून धाकटी ओरडली. “पुरे!”

मी थांबले नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगते. तोवर त्याची हालचाल कधीच थांबली होती, धाकटीला त्याच्यापासून काही धोका उरला नव्हता, आणि मी मारत होते, कारण जोवर मी मारत होते तोवर मला त्या खिटीचा विचार करावा लागत नव्हता. शेवटी चार कामगारांनी मला मागून धरलं. मी एकाच्या हाताला चावले.

तो मेला नाही. एक डोळा गेला, जबड्याला तारा घातल्या, मान आणि पाठ सोलून निघाली. वॉचमन म्हणाला, “डबा दाखवला हो त्यानं. म्हणाला, बायको उपाशी कामाला आलीय. इतकं गोड बोलला.” भट्टीतले पाच ट्रे कोळसा झाले आणि साडेतीनशे माणसांनी त्या दिवशी नुसता पाव खाल्ला. तरी कुणी कुरकुर केली नाही. उलट मला पोलिसांच्या गाडीत बसवलं तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली आणि टाळ्या वाजल्या. “तोफ धडाडली!” कुणीतरी ओरडलं. मी मान खाली घातली आणि रक्तानं माखलेल्या माझ्या चपलांकडे बघत राहिले.

संध्याकाळी मला धाकटीच्या दवाखान्यात नेलं आणि आम्हा तिघींचा जबाब तिथेच घेतला. फौजदारबाई तरुण होत्या, अक्षर सुरेख होतं. धाकटी पलंगावर बसली होती, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या दंडाला पट्ट्या. मावशी तिच्याशेजारी, कपाळाला तीन टाके.

“दार आतून बंद होतं म्हणता,” बाई म्हणाल्या. “मग तो आत आला कसा? कुणी उघडलं?”

मावशी खाली बघायला लागली. धाकटी आपल्या प्लास्टरकडे बघत राहिली. मला वाटलं असतं तर मी म्हणू शकले असते की कबजे सैल होते, त्यानं ढकलून उघडलं. कुणी शोधायला जाणार नव्हतं.

“मी उघडलं,” मी म्हणाले. दोन लाथांचं, भरल्या हातांचं, कोपराचं सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाल्या, “पण तो बाहेर मोकळा फिरतोय हे माहीत होतं ना तुम्हाला? तरी कोण आहे असं एकदाही विचारलं नाहीत?”

“चीज घालायची वेळ झाली होती,” मी म्हणाले. याहून मूर्ख वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही, पण तेच खरं होतं.

माझ्यावर गुन्हा लागेल की नाही ते पुढे बघू, सध्या घरी जा, असं सांगून बाई गेल्या. मी धाकटीच्या चपला पलंगाखालून काढून तिच्या पायांशी ठेवल्या.

“चल,” मी म्हणाले. “रिक्षा करू. घरी गेलं की आधी झोप. उद्यापासून मी रजा घेते, तुझ्याजवळून हलणार नाही.”

तिनं चपला घातल्या. मग म्हणाली, “मी मावशीकडे जाते, ताई.”

“मावशीकडे? त्या एका खोलीत? तुम्ही दोघी झोपणार कुठे?”

“झोपू कुठेतरी.”

मावशी गडबडली. “अगं, जा बहिणीकडे. माझ्याकडे धड गादी नाही.” धाकटी तिला बिलगून उभी राहिली.

“मी त्याला जवळजवळ मारून टाकलं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. “तुझ्यासाठी! आणखी काय करायचं होतं मी?”

आवाज चढताच तिनं खांदा वर केला आणि प्लास्टरचा हात कानाशी नेला. मी जागच्या जागी थांबले. माझ्यात आणि तिच्यात चांगलं चार हातांचं अंतर होतं.

“मारणारं माणूस नको होतं मला, ताई,” ती म्हणाली. रागानं नाही. थकून म्हणाली. “ते घरी होतं माझ्या. मला दार लावून घेणारं हवं होतं.”

औषधांची पिशवी माझ्या हातात होती, ती मी मावशीला दिली. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, ते सांगितलं. मावशीनं दोनदा विचारून घेतलं.

त्या दोघी दवाखान्याच्या लांब बोळातून निघाल्या. मावशी नेहमीसारखी हळू चालत होती आणि धाकटी तिच्या पावलाला पाऊल जुळवत होती. फाटकापर्यंत जायला त्यांना खूप वेळ लागला. मी सगळा वेळ बघत उभी होते. तिनं एकदा तरी मागे वळून बघावं असं मला फार वाटत होतं. ती वळली नाही.